मानेखालचं मी विचारलं नाही

दातांच्या डॉक्टरकडे कुणी आनंदाने येत नाही. लवंग, तुरटी, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या हे सगळं करून थकल्यावर माणूस गालाला रुमाल लावून येतो आणि खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, "दुखंल का?" नांदेडमध्ये तीसेक वर्षं मी या प्रश्नाला "अजिबात नाही" असं उत्तर देत आले. त्यातलं निम्मं तरी खरं असेल, अशी माझी समजूत आहे.

आता दवाखाना बंद केलाय. मान आणि गुडघे दोन्हींनी एकाच वर्षी राजीनामा दिला. भेटेल तो विचारतो, "म्याडम, आजवर किती दात काढले असतील?" मोजले नाहीत, आणि बहुतेक विसरले. एक दाढ मात्र आठवते. खालच्या जबड्यातली, डावीकडची. ती मी काढायला नको होती. त्या दाढेच्या मालकाची ही हकीकत आहे. त्यांचं नाव मी बदललंय, कारण तसा शब्द दिलाय.

त्याआधी माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात दाताच्या डॉक्टरचं अर्धं काम फौजदाराचं. तंबाखू खाता का, असं विचारलं की समोरचा माणूस आधी छताकडे बघतो. मग "न्हाई" म्हणतो. मग "कवातरी." एकाने तर "हात लावत न्हाई म्याडम" असं ज्या हाताने छातीवर थोपटून सांगितलं, त्याच हाताच्या अंगठ्याच्या नखात चुना होता. असे किती पाहिले. त्यामुळे उत्तर ऐकण्याआधी मी नखं बघायची, सदऱ्याचा खिसा बघायची, सोबत आलेल्या बायकोचा चेहरा बघायची. खोटं पकडण्यात माझा हातखंडा होता, आणि मला त्याचा गर्वही होता. का नसावा? त्या चौकशीतून तोंडाचे कॅन्सर वेळेत सापडले आहेत. माणसं जगली आहेत.

या कामात मला माझ्या खोलीची मदत व्हायची. खोली एकच. मध्ये खुर्ची, तिच्यामागे हातभर अंतरावर नातेवाइकांचा बाक. कुणालाही बाहेर काढायचं नाही, ही माझी पद्धत. पेशंट जे लपवतो ते बाक सांगतो, असं मी नव्या डॉक्टर मुलींना मोठ्या तोऱ्यात शिकवायची.

नागोराव आले ते हदगावच्या पुढच्या एका गावाहून. सत्तरी ओलांडलेली, सडसडीत अंग, स्वच्छ धोतर. हळद आणि सोयाबीन करणारं खातंपितं घर. मुलाचं हदगावात बी-बियाण्यांचं दुकान, ते सोडून त्याला निघता येत नव्हतं, म्हणून सासऱ्याला दवाखान्यात आणायचं काम सुनेकडे आलेलं. तिचं नाव उर्मिला. सासरे खुर्चीत बसले, म्हणून ती बाकावर बसली नाही. डोक्यावर पदर घेऊन दाराला टेकून उभी राहिली. मी दोनदा "बस गं" म्हटलं. ती नुसती हसली.

"काय होतंय?"

"ही डाव्या अंगाची दाढ ठणकून राहिली. आन् ह्यो ओठाचा कोपरा," नागोरावांनी बोट लावून दाखवलं, "आपला वाटत न्हाई."

"म्हणजे?"

दारातून उर्मिला बोलली, "जेवताना ओठाला भाताचं शीत राहतं म्याडम, मामायला कळतच न्हाई."

इंजेक्शन न देता ओठ बधिर झालेला पेशंट आला तर घाबरा, असं आम्हाला कॉलेजात शिकवलेलं. खालच्या जबड्याच्या हाडातून एक शीर जाते, ती ओठाला आणि हनुवटीला जाणीव देते. हाडात काहीतरी वाईट वाढत असलं की ती शीर चेपते आणि ओठ मुका होतो. मी घाबरले. पण मी माझ्या सवयीने घाबरले.

"तंबाखू?"

"न्हाई."

"गुटखा, विडी, काहीच नाही?"

"आमच्या बापाला तंबाखूनं नेलं. मी शिवलो न्हाई."

नखं पाहिली, स्वच्छ. खिसा सपाट. तरी मी पुन्हा विचारलं. उर्मिलेकडे भुवया उंचावून पाहिलं, तिने मान हलवली. तोंडात दिवा घालून गाल, जीभ, जिभेखालची जागा, सगळं चाचपून पाहिलं. कुठेही चट्टा नाही, जखम नाही. मला हायसं वाटलं. आता वाटतं, घात झाला तो तिथेच. मी ज्याला भीत होते ते सापडलं नाही, म्हणून मी भ्यायचंच थांबले. छोटा एक्स-रे काढला. दाढेखालचं हाड जरा जास्त पांढरं दिसत होतं. जुना संसर्ग असला की हाड असं घट्ट होतं. आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या.

एक गोष्ट मी दर खेपेला बघत होते आणि बघत नव्हते. नागोराव आले की आधी कमलबाईंना, माझ्या मदतनीस बाईंना, हळूच विचारत, "किल्ली कुठंय?" जिन्याखालच्या बाथरूमची किल्ली खिळ्याला टांगलेली असे. ते जात आणि परत यायला चांगलाच वेळ लावत. कमलबाई चिडायच्या, बाकीचे पेशंट खोळंबतात म्हणून. मी म्हणायची, जाऊ द्या, बसमधून आलेत, वय झालंय. मानेखालच्या गोष्टींशी माझं काय देणंघेणं?

गोळ्यांनी ठणका गेला नाही. दुसऱ्या खेपेला दाढ हलायला लागली होती. तंबाखूचं पुन्हा विचारून घेतलं आणि दाढ काढली. सहज निघाली. इतकी सहज की मला तेव्हाच ते खटकायला हवं होतं. तिसऱ्या खेपेला खड्डा भरलेला नव्हता. त्यातून लालसर मांस वर आलं होतं, बोट लावलं की रक्त. पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे काढला. डाव्या बाजूचं हाड कापसाचे बोळे ठेवल्यासारखं पांढरं झालेलं. त्या मांसाचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे, ग्रंथीतून निघणाऱ्या जातीचा, बहुधा लाळेच्या ग्रंथीचा. दूरच्या मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात मी त्यांना पाठवलं. तिथे ठरलं की डावा अर्धा जबडा काढायचा, पायाचं हाड घेऊन नवा बसवायचा. पुढच्या सोमवारची तारीख मिळाली. मुलगा फोनवर म्हणाला, "म्याडम, तुमी म्हणाल तसं." हे वाक्य ऐकलं की डॉक्टरची झोप जाते, निदान माझी तरी जाते.

कारण मला ते हाड पटत नव्हतं. तोंडाचा कॅन्सर हाड खातो. एक्स-रेमध्ये खाल्लेली जागा काळी दिसते, कडा कुरतडल्यासारख्या. इथे उलटं होतं. इथे कुणीतरी हाड बनवत होतं, नको तिथे, नको तेवढं. मी तो फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवला होता. नाश्त्याला बसले की उघडायची, बोटांनी मोठा करायची. नवरा म्हणायचा, "पुन्हा तेच? उपमा गार झाला." मी ज्या माणसाला पाठवलं होतं, त्याचा अर्धा चेहरा सोमवारी जाणार होता आणि मला खात्री नव्हती.

शेवटी प्रयोगशाळेतून त्या तुकड्याचा मेणातला ठोकळा मागून घेतला आणि सकाळच्या बसने लातूर गाठलं. लातूर माझं माहेर. माझी शाळेतली मैत्रीण माधवी तिथे पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसलेली, माणसांपेक्षा त्यांचे तुकडे जास्त ओळखणारी. तिने ठोकळ्याचे पातळ काप करवून घेतले, काचेवर घेतले, बराच वेळ पाहिले. मी समोर बसून पर्सची चेन उघडझाप करत होते.

"थांबव ते," ती म्हणाली. मग वर न बघता, "पेशंट पुरुष ना? वय सत्तरच्या पुढं? लघवीचं काय विचारलंस?"

"मी दातांची डॉक्टर आहे, माधवी."

"ते मला माहीताय. विचारलंस का?"

तिने मला समजावून सांगितलं, तसंच इथे सांगते. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. म्हातारपणी तिथे कॅन्सर होतो, बऱ्याचदा हळू चालीचा. तो पसरला की त्याला हाडं आवडतात. पाठीचा कणा, कंबर, बरगड्या. आणि तो हाड खाण्यापेक्षा हाड बनवतो, म्हणून ते पांढरं दिसतं. चेहऱ्याच्या हाडात तो क्वचितच येतो. इतका क्वचित की माझ्यासारखी तो उभ्या जन्मात पाहत नाही, आणि पाहिला तरी ओळखत नाही. माधवीला खात्रीसाठी वेगळा रंग देऊन तपासायला चार-पाच दिवस हवे होते. सोमवार त्याच्या आधी होता.

"पण तसं असेल तर जबडा कापून काही उपयोग नाही," ती म्हणाली. "आणि जबड्यात आलाय म्हणजे कण्यात आधीच बसलेला असणार. आत्ता फोन कर."

तिच्या लॅबच्या जिन्यात उभी राहून मी फोन लावला. नागोरावांचा फोन नेहमी सुनेकडेच असायचा.

"उर्मिला, मामांना लघवीचा काही त्रास आहे का गं?"

पलीकडे नुसता टीव्हीचा आवाज. मग ती म्हणाली, "थांबा म्याडम." चपलांचा आवाज, दाराची कडी. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"दीड वर्ष झालं म्याडम. सारखं उठून राहिलेत. मोरीत गेले की लई येळ उभं राहतेत, होतच न्हाई. मी तिथं भांडे घासत असले की तसेच माघारी फिरतेत. म्हणून मी आता भांडे दुपारीच घासून ठेवते."

"नवऱ्याला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. ते म्हणले, म्हातारपणी असंच असतंय. आन् बापाला हे कसं इचारू म्हणले."

"आणि मला? इतक्या वेळा आलीस, मला का नाही सांगितलंस?"

मला उत्तर द्यायचं म्हणजे माझी चूक दाखवायची, हे तिला कळत असावं.

"मामा समोर होते की म्याडम."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. हा माणूस माझ्यासमोर बसला होता आणि त्याच्या पाठीशी त्याची सून. बाईमाणूस डॉक्टर समोर, सून मागे. त्याने लघवीचं कुणासमोर बोलायचं होतं? आणि तिने सासऱ्याच्या अंगाचं कुणासमोर बोलायचं होतं? दोघांनाही माहीत होतं, दोघं एकमेकांची अब्रू सांभाळत होते, आणि मी मध्ये बसून त्यांना तंबाखू विचारत होते.

"पाठ दुखते का त्यांची?"

"पाठ तर कवाचीच. पर परवापासून उंबऱ्यात पाय अडखळायलाय. काल पायातली वहाण निसटून पडली, त्यायला ठावंच न्हाई. तसेच चालत गेले."

कण्यातली गाठ आतल्या मज्जारज्जूच्या दोरीवर दाबायला लागली की आधी पाय जड होतात, मग बधिर होतात, मग उठतच नाहीत. एकदा पूर्ण गेलेले पाय बहुतेक परत येत नाहीत. इथे दिवसांचा हिशेब नसतो, तासांचा असतो. "आत्ताच्या आत्ता गाडी करून नांदेडला आणा," मी सांगितलं. "बस नको. धक्के नकोत. आडवं निजवून आणा." ती म्हणाली, "मामायला काय सांगू?" मी म्हटलं, "दाढेचा खड्डा बघायचाय म्हणून सांग."

"आन् म्याडम, मी बोलले म्हणून सांगू नका."

लातूरहून नांदेडला यायला बसला तीन तास लागतात. त्या दिवशी ते तीन तास अहमदपूरपर्यंतच संपले असं मला वाटलं. ओळखीच्या युरॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रविकाराच्या डॉक्टरांना, फोन करून जागा ठेवायला सांगितली. उर्मिलेचे फोन येत होते. निघालो. वारंगा फाट्याला आलो. प्रत्येक वेळी मी विचारायची, "पाय हलवतायत का?" आणि ती गाडीत सासऱ्यासमोर "हाव" नाहीतर "हाव, थोडं" एवढंच म्हणायची. लोह्याजवळ माझा फोन बंद पडला. मी कंडक्टरला नांदेड किती राहिलं असं इतक्यांदा विचारलं की शेवटी त्याने उत्तर देणं सोडलं.

दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांना आत घेतलं होतं. तपासणी झाली, रक्त गेलं, कण्याचा फोटो झाला. युरॉलॉजिस्टनी मला बाजूला घेऊन सांगितलं की माधवीच्या रंगाची वाट बघायची गरज नाही, प्रोस्टेटच आहे. कण्यात चार ठिकाणी आहे, एका ठिकाणी दोरीला टेकलंय. सूज उतरवायची सुई सुरू केली आहे, किरणांचा शेक द्यायचा आहे. पण मुख्य इलाजाला पेशंट तयार नाही, बोलतच नाही, भिंतीकडे तोंड करून पडलाय. "म्याडमला बोलवा म्हणतो."

मी आत गेले. मुलाला आणि उर्मिलेला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावलं. या माणसाशी मी पहिल्यांदाच एकटी बोलत होते.

"म्याडम, जबडा कापायचा न्हाई म्हणतेत."

"नाही कापायचा."

"मंग दुसरंच कापायचं म्हणतेत."

मी खाटेच्या कडेला बसले. मग जसं होतं तसं सांगितलं. हा आजार पुरुषाच्या अंगातल्या एका रसावर पोसतो. तो रस अंडात तयार होतो. ती काढून टाकली की आजाराचं खाणं बंद होतं, जबड्यातलंही आणि पाठीतलंही. सुयांनीही तेच होतं, पण सुयांना वेळ लागतो. "आणि तुमच्या पायांना वेळ नाही, नागोराव."

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाले, "ह्या वयात त्याचं काय करायचंय मला. त्याची फिकीर न्हाई. गावात कळंल का?"

"मी कुणाला सांगणार नाही."

"सूनबाईला?"

"तिलाही नाही."

"तिला दाढेचंच सांगा. जबड्याचं अप्रेशन झालं म्हणावं."

मी हो म्हटलं. ज्या सुनेने लाज बाजूला ठेवून सगळं सांगितलं होतं, ती दाराबाहेर उभी होती, आणि मी तिच्यापासून गुपित ठेवायचं वचन देत होते. मग मला राहवलं नाही. "नागोराव, तुमची ती दाढ मी उगाच काढली. आणि तुमचे दोन महिने घालवले."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "एका दाढेनं काय होतंय म्याडम," ते म्हणाले. महिन्यांबद्दल ते काही बोलले नाहीत.

ऑपरेशन लहान होतं, तासाभराचंही नाही. खरी परीक्षा नंतरची. पहिल्या दिवशी पाय तसेच. दुसऱ्या दिवशी उजव्या पायाची बोटंसुद्धा हलेनात, आणि मी दवाखाना सोडून दर दोन-तीन तासांनी तिथे जाऊन त्यांच्या तळव्याला गुदगुल्या करत होते. दाताची डॉक्टर पेशंटच्या तळव्याशी काय करते, असं तिथल्या नर्सना वाटलं असणार. चौथ्या दिवशी मी खोलीत शिरले तर नागोरावांनी पांघरुणाखालून गुडघा वर केलेला. मी कॉरिडॉरमध्ये येऊन रडले. लाज वाटली नाही. त्याच दिवशी माधवीचा मेसेज आला: प्रोस्टेटच. मोठ्या शहरातल्या दवाखान्याची सोमवारची तारीख मी आधीच रद्द करून टाकली होती.

दहा-बारा दिवसांत जबड्याचा ठणका थांबला. महिन्याभरात ते काठी घेऊन चालू लागले. दाढेच्या खड्ड्याने मात्र भरायला फार वेळ घेतला.

मी माझा बाक बाहेर काढला. खोलीबाहेर पॅसेजमध्ये ठेवला आणि दाराला पडदा लावला. केस पेपरवर नवे प्रश्न छापून घेतले: पाठ दुखते का, वजन उतरलंय का, लघवीला त्रास आहे का. लोक वैतागले. एक गुरुजी म्हणाले, "ताई, मी कवळी बसवायला आलोय, तुम्ही काऊन असलं इचारून राहिल्या?" दुसऱ्याने कागदावर सगळीकडे 'नाही' लिहिलं आणि जाता जाता दारातून परत आला, पडदा नीट लावला आणि म्हणाला, "ते तीन नंबरचं जरा हाय." या वयाच्या माणसांना लघवीचे जे त्रास होतात ते सगळे काही प्रोस्टेटचे कॅन्सर नसतात, बहुतेकांची ग्रंथी नुसती सुजलेली असते. पण त्यांना पाठवायला तर हवंच. युरॉलॉजिस्ट मला फोनवर म्हणायचे, "म्याडम, आज तुमच्याकडून दात येणार की आमचं?"

हदगावकडून म्हातारे यायला लागले ते वेगळंच. दात दुखतोय म्हणून यायचे, तोंड उघडायचे, दात धडधाकट. मग हळूच, "नागोरावनं धाडलं." नागोरावांनी त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे. स्वतःचं ऑपरेशन जबड्याचं झालं, असंच ते गावात शेवटपर्यंत सांगत होते.

मला लोक म्हणतात, तू त्यांना वाचवलंस. मी ते मान्य करत नाही आणि नाकारतही नाही. जबडा वाचला, पाय वाचले, ते उर्मिलेमुळे आणि माधवीमुळे. माझे दोन महिने गेले ते तंबाखूत. ते दोन महिने मिळाले असते तर कण्यातलं कमी असतं का, आणखी वर्ष मिळालं असतं का, असं मी युरॉलॉजिस्टना एकदा विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला ते उत्तर आवडत नाही, पण दुसरं मिळालेलं नाही.

अडीच वर्षं बरी गेली. दवाखाना बंद करायच्या महिनाभर आधीची गोष्ट. युरॉलॉजिस्टनी फोन करून सांगितलं की नागोरावांच्या रक्तातला या आजाराचा आकडा औषधं चालू असूनही चढतोय, नव्या गोळ्याही चालेनाशा झाल्यात, लिव्हरमध्येही दिसतंय. आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच. मुलाला आणि सुनेला त्यांनी सांगितलं होतं. नागोरावांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आठवड्याने ते दोघं माझ्याकडे आले, न कळवता. नागोराव खूप उतरले होते. मी सवयीने उर्मिलेला म्हणाले, "तू जरा बाहेर बसतेस का?"

"बसू द्या तिला," नागोराव म्हणाले. आणि तिच्यासमोर, मोठ्याने, एकही शब्द न गिळता सांगायला लागले. लघवीतून रक्त यायलंय. मांड्यांच्या आत दुखायलंय. रात्रीत दोनदा धोतर खराब झालं. जेवण जात न्हाई. सगळं सांगितलं. उर्मिला स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली होती.

"तिसरा दिवस हाय म्याडम आज. मागल्या खेपेसारखं दडवलं न्हाई मी. सुरू झालं त्याच दिवशी हिला सांगितलं, आन् हिला म्हणलं, चल म्याडमकडं." ते दमले, थांबले. "टाइमात आलो ना?"

मी त्यांचा हात धरला. "अगदी टाइमात आलात," मी म्हणाले.

त्यांनी सुनेकडे वळून पाहिलं. चेहरा उजळला होता. "पाह्य, म्हणलं नव्हतं तुला?"

उर्मिलेने माझ्याकडे पाहिलं नाही. "हाव मामा," ती म्हणाली, "तुमी म्हणलं होतं."